डावीकडची थाप

स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरची एकच बाजू गेली असेल, तर मला हायसं वाटतं. दोन्ही बाजू एकदम गेल्या की शोधायला आधार उरत नाही. एक गेली तर दुसरी समोर चालू असते. त्याच पेटीत, त्याच ट्रान्सफॉर्मरवर, त्याच नकाशाप्रमाणे जोडलेली. डावीकडे एखाद्या ट्रान्झिस्टरच्या पायावर किती व्होल्ट हवेत हे पुस्तकात शोधावं लागत नाही, उजवीकडच्या त्याच पायावर मीटरची पिन टेकवली की कळतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे बनलेल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांचे सर्किट डायग्राम आता हाती लागत नाहीत. तेव्हा जी बाजू चालू आहे तीच आमचा डायग्राम.

मी हे काम अमरावतीत शिकलो आणि पुढे अकोल्यात दुकान टाकलं. आमचे उस्ताद फार बोलत नसत. एक वाक्य मात्र ते प्रत्येक नव्या पोराला ऐकवत, "आधी बाजू बदलून पाय, मंग पेचकस उचल." स्पीकरच्या वायरी आलटून-पालटून बघा, टेपडेककडून येणाऱ्या पिना आलटून-पालटून बघा. बिघाड जागा बदलतो की तिथेच राहतो, एवढंच पाहायचं. डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्यावर बंद आवाज उजव्या स्पीकरकडे गेला, तर स्पीकर निर्दोष आहे आणि दोष पेटीत किंवा पेटीच्या आधी आहे. तो डाव्या स्पीकरलाच चिकटून राहिला, तर पेटी उघडायची गरजच नाही. ही अदलाबदल करताना पेटी बंद हवी, प्लगही काढलेला हवा. चालू पेटीवर वायरींची उघडी टोकं एकमेकांना लागली, तर चांगले पॉवर ट्रान्झिस्टर क्षणात जातात आणि एका बिघाडाचे दोन होतात.

वऱ्हाडात गाणं ऐकणारी घरं पुष्कळ, आणि ती वेगवेगळ्या तऱ्हेची. कुठे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं रोज पहाटे लागतात, कुठे भीमगीतं, कुठे गझल. सुरेश भट अमरावतीचे, जन्म १९३२ चा. भीमराव पांचाळे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे. त्यामुळे इथल्या माणसाला गझल घरची वाटते. माझ्याकडे येणारे जुने अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक शिक्षकांचे, प्राध्यापकांचे, कापड दुकानदारांचे, नाहीतर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्यांचे असतात. घेताना त्यांनी पैसे साठवून घेतलेले असतात. म्हणून ते विकायचा विषय काढत नाहीत, फक्त "दुरुस्त होईल ना?" एवढंच विचारतात.

ज्या बिघाडाबद्दल मला सांगायचं आहे, तो अमरावतीच्या अंबापेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या पेटीतला. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. पेटी मुंबईत बनलेली, सत्तरच्या दशकाच्या शेवटची, लाकडी अंगाची. प्रत्येक बाजूला २एन३०५५ जातीचे दोन पॉवर ट्रान्झिस्टर. त्या काळच्या देशी अ‍ॅम्प्लिफायरांत हीच जोडी जास्त दिसते, आणि त्याला कारण आहे. पॉवरचा चांगला सिलिकॉन पीएनपी ट्रान्झिस्टर तेव्हा महाग आणि दुर्मीळ होता. म्हणून दोन्ही जागी एनपीएन बसवून काम भागवायचं. दोन्ही जागी एकाच जातीचे ट्रान्झिस्टर वापरायची ही युक्ती आरसीए कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ साली मांडली आणि पुढची दोन-अडीच दशकं जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत ती वापरली गेली.

गुरुजींची तक्रार अशी होती: "डावा आवाज जाते, मंग आपोआप येते." आधी त्यांनी ती पेटी दुसरीकडे दाखवली होती. तिथे डावीकडचे दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर बदलून दिले गेले. पैसे घेतले गेले, बिघाड तसाच राहिला. मग मे महिन्यात गुरुजी ती पेटी चादरीत गुंडाळून एसटीने अकोल्याला घेऊन आले.

माझ्या टेबलावर ती दिवसभर वाजली. डावी-उजवी सारखी. मी आवाज कमी-जास्त केला, पेटीवर बोटांनी टकटक केली, सगळी बटणं फिरवून पाहिली. काही नाही.

"गुरुजी, हे तं मस्त वाजते."

"अकोल्यात वाजते भाऊ, घरी नाई वाजत."

अशा वेळी बरेच मेकॅनिक दोनपैकी एक गोष्ट करतात. गिऱ्हाइकाला भास होतोय असं समजून पेटी परत देतात, किंवा हाताला येईल तो भाग बदलून टाकतात. दोन्ही मला पटत नाही. माणूस पस्तीस-चाळीस वर्षं एकच यंत्र ऐकत असेल, तर त्याच्या कानावर माझ्या मीटरइतकाच विश्वास ठेवायला हवा. मी विचारलं, केव्हा जातो आवाज? गुरुजींनी पिशवीतून वही काढली. त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या: तारीख, वेळ, काय लावलं होतं, आवाज कसा गेला, किती वेळाने आला. आयुष्यभर हजेरीपट भरलेल्या माणसाची ती वही होती.

वही वाचली आणि माझं अर्धं काम झालं. बहुतेक नोंदी दिवाळी आणि होळीच्या मधल्या. जवळजवळ सगळ्या सकाळच्या. अर्ध्या-पाऊण तासाने आवाज आपोआप परत. पावसाळ्यात एखाददुसरी नोंद, उन्हाळ्यात एकही नाही. आणि एका पानावर लिहिलं होतं की खंजिरीची थाप आधी जाते, झांजा राहतात, मग तुकडोजी महाराज लांब गेल्यासारखे वाटतात.

एका बाजूचा आवाज जाण्याची नेहमीची कारणं आहेत, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होऊन आवाज जात-येत असेल, तर व्हॉल्यूम कंट्रोलची कार्बनची पट्टी झिजली आहे. आवाज मोठा केला की खट्‌कन परत येतो आणि मग टिकतो, तेव्हा दोष स्विचच्या किंवा स्पीकर रिलेच्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टचा. टेप मॉनिटरचं बटण वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही, त्यामुळे तेच आधी काळवंडतं. ते काही वेळा दाबून-सोडून पाहिलं तरी कित्येक पेट्या दुरुस्त होतात. पेटीवर हात मारल्यावर आवाज येत असेल तर ड्राय सोल्डर. पण थंडीत जाणं, हळूहळू जाणं, तापल्यावर हळूहळू परत येणं, आणि जाताना आधी खर्ज जाणं, या चारही खुणा एकत्र आल्या की मी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरकडे बघतो. त्यातला ओलसर भाग वाळत गेला की त्याची ताकद कमी होते. थंडीत ती आणखी उतरते, ऊब मिळाली की थोडी परत येते. अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे दुपारचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तो कंडेन्सर धडधाकट वागणारच.

म्हणून त्या उन्हाळ्यात मी काहीच बदललं नाही. एक काम मात्र केलं. पहिल्या दुकानातून काढलेले जुने ट्रान्झिस्टर गुरुजींनी काडेपेटीत घालून जपून ठेवले होते. मी ते मीटरवर तपासले, दोन्ही निर्दोष. नव्याने बसवलेल्यांबद्दल मला खात्री नव्हती. २एन३०५५ च्या नावाने डुप्लिकेट माल फार विकला जातो. बाहेरचं धातूचं कवच तसंच, आत मात्र सिलिकॉनची चिप फारच लहान. अस्सल माल १५ अँपिअर आणि ११५ वॉटचा असतो. डुप्लिकेट जरा जोर पडला की शॉर्ट होतो आणि काही पेट्यांत सोबत स्पीकरही नेतो. मी जुने ट्रान्झिस्टर नव्या मायका आणि पेस्टसह परत बसवले. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. पेटी परत देताना गुरुजींना म्हटलं, "थंडी पडू द्या. मी घरी येतो."

जानेवारीत पहाटेच्या गाडीने बडनेरा आणि तिथून अमरावती. गुरुजींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत पेटी लावू नका. खोली थंड होती. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, चहा दिला, तो बाजूला ठेवून मी आधी पेटी चालू केली.

लावली ती तुकडोजी महाराजांच्या भजनांची कॅसेट. माझ्या दृष्टीने या कामासाठी त्याहून चांगलं काही नव्हतं. महाराज मूळचे यावलीचे, जन्म १९०९, निर्वाण १९६८. त्यांच्या आवाजाचं मुद्रण मोनो आहे. मोनो मुद्रणात दोन्ही बाजूंना अगदी तेच जातं. पेटी नीट असेल तर आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध उभा राहतो. जरा जरी एका बाजूला सरकला, तरी कानाला लगेच कळतं. स्टीरिओ गाण्यात डावीकडे व्हायोलिनं आणि उजवीकडे तबला असेल, तर डावीकडचा खर्ज कमी आहे की मुळातच नव्हता, हे सांगता येत नाही. त्यात खंजिरी हे वाद्य असं की थाप खालच्या सुरात आणि झांजा वरच्या सुरात, दोन्ही एका हातात. मला सिग्नल जनरेटरची गरजच पडली नाही.

डावीकडे झांजा होत्या. थाप नव्हती. गुरुजींनी लिहिलं होतं तसंच.

मग उस्तादांच्या क्रमाने निघालो. पेटी बंद करून स्पीकरच्या वायरी आलटून-पालटून लावल्या. बारीक आवाज उजव्या स्पीकरकडे गेला, म्हणजे स्पीकर सुटले. टेपडेकच्या पिना बदलल्या. बिघाड डाव्या चॅनललाच राहिला, म्हणजे डेक सुटला. आत उघडून एका लांब वायरला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला आणि उजव्या व्हॉल्यूमच्या मधल्या पायावरचा आवाज डावीकडच्या पॉवर प्लेटच्या, म्हणजे पॉवरच्या सर्किट बोर्डाच्या, तोंडाशी नेला. उजवीकडचा तो भरलेला आवाज डाव्या प्लेटमधून बाहेर पडताना तसाच बारीक झाला. आता दोष हाताच्या तळव्याएवढ्या जागेत होता.

मीटर लावला. ही एकेरी सप्लायची पेटी, सुमारे ६० व्होल्टची. अशा पेटीत पॉवर ट्रान्झिस्टरांच्या मधल्या बिंदूवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट हवेत. उजवीकडे ३० च्या आसपास, डावीकडेही ३० च्या आसपास. एकही ट्रान्झिस्टर बिघडला असता तर हा आकडा हलला असता. पहिल्या दुकानात हे एक मोजमाप घेतलं असतं, तर गुरुजींचे पैसे वाचले असते.

खर्ज जातोय म्हटल्यावर पहिला संशय स्पीकरकडे जाणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवर येतो, २२०० मायक्रोफॅरडच्या. पण मीटर एसीवर टाकून त्या कंडेन्सरच्या आधीच मोजलं, तर तिथेही डावीकडचा आवाज उजव्याच्या मानाने अगदीच थोडा. म्हणजे आवाज पॉवर प्लेटमध्येच लहान होत होता, आणि फाटत मात्र नव्हता. लहान पण स्वच्छ, व्होल्ट सगळे बरोबर. असं घडायला जागा एकच उरते. ती म्हणजे फीडबॅकचा कंडेन्सर.

अ‍ॅम्प्लिफायर आवाज किती पट करणार, हे दोन रेझिस्टर ठरवतात. या प्लेटवर २२ किलोओहम आणि ६८० ओहम होते, त्यांचा हिशेब सुमारे ३३ पट येतो. ६८० ओहमचा रेझिस्टर एका ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून अर्थला जातो. कंडेन्सर धडधाकट असेल तर ५ हर्ट्‌झपर्यंतचा खर्ज पूर्ण ताकदीने निघतो. तो वाळून १ मायक्रोफॅरडवर आला, की ही हद्द सरकून २३४ हर्ट्‌झवर जाते. त्याखालचं सगळं ढासळायला लागतं, म्हणजे थाप, डग्गा, पुरुषाच्या आवाजाचा बुंधा. कंडेन्सर पूर्णच तुटला तर ३३ पटीचं काम एकपटीवर येतं. आवाज बंद पडत नाही, फाटत नाही, नुसता लांब जातो. गुरुजींच्या वहीत हे सगळं आधीच लिहिलेलं होतं, त्यांच्या शब्दांत.

पेटी बंद केली. मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ६० व्होल्ट बंद केल्यावरही साठलेले असतात. ते एक किलोओहमच्या जाड रेझिस्टरने उतरवले आणि मीटरने खात्री केली. मग प्लेटच्या मागून, जुन्या कंडेन्सरवरच, धन-ऋण बघून नवा ४७ चा कंडेन्सर टाकला. चालू केलं. थाप आली. महाराज दोन स्पीकरांच्या मधोमध आले.

गुरुजी उठून उभे राहिले होते. काही बोलले नाहीत. मी नवा कंडेन्सर परत काढला, कारण एवढ्याने माझं समाधान होत नाही. पण एव्हाना पेटी तापली होती आणि जुन्यावरच आवाज चांगला यायला लागला होता. मग पेटी बंद करून घरातल्या कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि फक्त त्या एका कंडेन्सरवर टेकवला. स्पिरिट उडून जाताना ऊब घेऊन जातं. ते पूर्ण उडू दिलं, खिडकी उघडली आणि मगच पेटी चालू केली. थाप पुन्हा गायब. शेजारच्या कंडेन्सरांवर तेच करून पाहिलं, काही फरक नाही. आता मला खात्री झाली. जुना कंडेन्सर उपसून मोजला, तो १ मायक्रोफॅरडच्याही खाली होता.

मग प्रश्न उरला, डावाच का? दोन्ही प्लेटा एकाच वयाच्या, एकाच मालाच्या. उत्तर पेटीच्या मांडणीत सापडलं. दोन्ही प्लेटा एकाच दिशेला तोंड करून बसवल्या होत्या. त्यामुळे उजव्या प्लेटवरचा तो कंडेन्सर मोकळ्या जागेत जाळीकडे येत होता आणि डाव्यावरचा हीटसिंकला जवळजवळ खेटून. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं एक ठोकळ गणित आहे. दर १० अंश जास्त तापमानाला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वऱ्हाडचा उन्हाळा, त्यावर पेटीची आतली उष्णता, त्यावर हीटसिंकचा शेजार. आणि वरच्या जाळीवर काकूंनी हाताने विणलेला क्रोशाचा रुमाल, फार सुंदर, पण हवेची वाट अडवणारा. मी तसं सांगितल्यावर त्यांनी लगेच तो उचलून टेपडेकवर घातला. डेक तापत नाही, तिथे काही बिघडत नाही.

डाव्याबरोबर उजव्या प्लेटवरचा तोच कंडेन्सरही बदलला. उजवा अजून चालत होता, पण एक नवा आणि एक चाळीस वर्षांचा ठेवला तर दोन बाजू सारख्या वाजत नाहीत. दोन्ही १०५ अंशांचे टाकले आणि डावा हीटसिंकपासून वाकवून दूर केला. बाकी काही बदललं नाही. जुनी पेटी उघडली की तिच्यातले सगळे कंडेन्सर बदलून टाकायची एक पद्धत आहे. मला ती पसंत नाही. चाळीस वर्षांच्या प्लेटवरचा तांब्याचा पत्रा सोल्डरिंगच्या उष्णतेने उचकटतो, आणि जे भाग मोजल्यावर बरोबर निघतात त्यांना हात लावायचं कारणही नसतं.

त्यानंतर गुरुजींनी भीमराव पांचाळे यांची मैफल लावली. ती पूर्ण ऐकल्याशिवाय मला निघता आलं नाही. दोन्हीकडचा तबला ऐकताना मी मीटर पिशवीत ठेवला. पुढचा हिवाळा पार पडल्यावर गुरुजींचा फोन आला. वहीत एकही नोंद नव्हती.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर दोन-तीन गोष्टी कराव्यात, ही विनंती. आवाज केव्हा जातो, कोणत्या ऋतूत, किती वेळाने येतो आणि आधी काय ऐकू येईनासं होतं, हे लिहून ठेवा. ते कागदावर असेल तर मेकॅनिकचे तास आणि तुमचे पैसे वाचतात. पेटीवर रुमाल, वर्तमानपत्र, देवाचा फोटो ठेवू नका. आत हात घालायची सवय नसेल तर झाकण उघडू नका, बंद पेटीतही व्होल्ट असतात. स्पीकरच्या वायरी आणि पिना मात्र पेटी बंद करून तुम्हीच आलटून-पालटून पाहा, त्याला शिक्षण लागत नाही. आणि दुरुस्तीत जो भाग काढला जाईल, तो मेकॅनिककडून मागून घ्या आणि जपून ठेवा. गुरुजींच्या पेटीत आजही डावीकडे काडेपेटीत जपलेले तेच दोन ट्रान्झिस्टर चालू आहेत.